माळ, माळढोक आणि उजनी

श्रोतेहो, नमस्कार.

आज दोन सरकारी कामांबद्दल बोलायचं आहे. दोन्ही आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, आणि दोघांत अंतर जेमतेम एका वर्षाचं. १९७९ साली सरकारनं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केलं. १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं. पहिल्याचं म्हणणं, माळ आहे तसा राहू द्या. दुसऱ्याचं म्हणणं, माळाला पाणी द्या. पाणी लागलेला माळ माळ राहत नाही, हे माढ्या-मोहोळच्या कुठल्याही शेतकऱ्यानं सांगितलं असतं. पण वन खातं वेगळं, पाटबंधारे खातं वेगळं. दोघांनी आपापलं काम चोख केलं.

आधी हा माळ काय होता ते बघू. आपल्याकडे पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. खाली मुरूम, वर बोटभर माती, आणि पावसाळा लागला की पवना, कुसळी, मारवेल अशी गवतं. सखल भागात काळं रान. तिथं रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा. आपली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, मोहोळच्या संशोधन केंद्रातली. ती परतीच्या पावसानं मुरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या थंडीवर येते, पाटाची वाट बघत नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ साली सोलापुरात निघालं ते उगीच नाही.

या रानात धनगराची जागा ठरलेली होती. पावसाळ्यात मेंढरं माळावर, सुगी झाली की शेतात. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचा आणि बदल्यात धान्य द्यायचा. मेंढरांच्या मागं लांडगा. आणि गवतात, ज्वारीच्या धसकटात, माळढोक.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी मोजकेच. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याचं खाणं म्हणजे टोळ, भुंगे, बोरं, शेतातले दाणे. थोडं गवत, थोडं कोरडवाहू शेत, आणि चहूकडे लांबवर दिसेल अशी मोकळी नजर, एवढंच त्याला हवं. झाडी त्याला नकोच असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अभयारण्य केवढं जाहीर झालं? ८,४९६ चौरस किलोमीटर. आख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज करा. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, शिवाय शेजारच्या नगर जिल्ह्याचे काही तालुके. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, लोकांची खासगी रानं आली. जमिनीचे व्यवहार, खाणी, कारखाने अडकू लागले. पक्षी कधी पाहिलाही नाही अशा माणसाला तो सातबाऱ्यावर चढलेला बोजा वाटू लागला. माझ्या मते अभयारण्याचं खरं नुकसान इथं झालं. ज्या शेतकऱ्याच्या रानात पक्षी अंडं घालणार, तोच त्याच्यावर नाराज. पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि क्षेत्र कमी होऊन १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर पक्षीच उरले नव्हते म्हटलं तरी चालेल. आज सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळावर एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. देशभरात मिळून दीडशेच्या आत उरलेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे.

आता उजनी. साठा ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातला जिवंत साठा ५३ टीएमसीच्या वर थोडा, आणि मृतसाठा ६३ टीएमसीहून जास्त. जिवंत साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, की 'उजनी मायनसमध्ये गेली' असं आपण उन्हाळ्यात ऐकतो. डावा कालवा माढा-मोहोळकडं, उजवा पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, आणि करमाळ्याच्या बाजूला धरणाच्या फुगवट्यावर पाणी उपसणाऱ्या मोटारी. अभयारण्याच्या यादीतलेच तालुके लाभक्षेत्राच्या यादीतही होते.

पाणी आलं की ऊस आला. यात शेतकऱ्याला बोल लावणारे पुष्कळ भेटतात; बहुतेकांचा पगार एक तारखेला होतो. ज्वारीला भाव मिळेल की नाही सांगता येत नाही, काढणीला माणूस मिळत नाही. उसाचा दर केंद्र सरकार ठरवून देतं, ऊसतोडीची टोळी कारखाना पाठवतो, गाडी बांधावर येते. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात बारा-अठरा महिने पाणी पिणारं पीक उभं राहिलं, ते कुणाच्या हट्टानं नाही. धरण, हमीचा दर, सहकारी कारखाना आणि वीजपंप या चौघांनी मिळून ते उभं केलं. जिथं कालवा पोचला नाही तिथं बोअरची मशीन पोचली. नान्नजचंच बघा. जगभरचे पक्षीनिरीक्षक ज्या गावाचं नाव माळढोकासाठी घेतात, त्याच गावच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका द्राक्षाची जात दिली. त्या द्राक्षानं किती घरं उभी केली हे बागायतदारांना विचारा. मी त्या बागांना नावं ठेवणार नाही. पण द्राक्षाचा मांडव आणि माळढोक एका रानात नांदत नाहीत, एवढं खरं.

राहिलेल्या माळावर झाडं आली. २०१९च्या पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला गेला. खड्डे कुठं घ्यायचे? जिथं आधीच झाडं नाहीत तिथं. मग गवताळ माळाची पाळी आली. हेतू चांगला, फोटोही हिरवेगार, पण गवत मागं पडलं. मेंढरांना गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडांचं रान काय कामाचं?

आणि वर विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. राजस्थान-गुजरातमध्ये तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली दिला आणि २०२४ साली तो सैल केला, कारण दुसऱ्या बाजूला सौरऊर्जा होती; तिची वीज तारांनीच न्यायची होती. पर्यावरणाची दोन कामं एकमेकांना आडवी गेली.

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, आम्हाला याचं काय? २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. तेव्हा सोलापूर शहरासाठी पाणी नदीतून सोडायचं, म्हणजे ते भीमेच्या कोरड्या वाळूत मुरत, दोन्ही काठांच्या मोटारी चुकवत शहराचं पाणी अडवणाऱ्या औजच्या बंधाऱ्यापर्यंत यायचं. धरणाच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड, त्यांचं सांडपाणी आपल्याच जलाशयात. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी येतं ते पाणी या सगळ्या वाटणीतून उरलेलं असतं.

एकाच जागेवर दोन मंजुऱ्या भिडल्या की काय होतं, हे सोलापूरकरांनी जून २०२३ मध्ये होटगी रस्त्यावर पाहिलंच आहे. एकीकडे साखर कारखान्याची चिमणी, दुसरीकडे शेजारच्या विमानतळाची विमानाची वाट. चिमणी पाडली गेली. त्यावर दोन्ही बाजूंनी इतकं बोलून झालंय की मी भर घालत नाही.

सध्या गावोगाव जो विषय आहे तो गायरानावरच्या सौर प्रकल्पांचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनेल बसतात आणि शेतीपंपाला दिवसा वीज मिळते. रात्री दोन वाजता दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलेल्या, साप-विंचवाच्या भीतीनं बॅटरी फिरवणाऱ्या माणसाला दिवसाच्या विजेची किंमत सांगायला नको. ही योजना मला हवीशी वाटते. फक्त एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, कुंपण पडतं, आणि तो करार पाव शतकाच्या हिशेबानं होतो. गावात धनगराची चार घरं असतील, तर ती ग्रामसभेच्या दिवशी बहुधा मेंढरांमागं परजिल्ह्यात असतात.

म्हणून ग्रामसभेत अशा प्रकल्पाचा ठराव येईल तेव्हा एवढं तरी विचारावं. या गटात, म्हणजे जमिनीच्या या तुकड्यात, कुणाची जनावरं, किती महिने चरतात? गावात मुरूम काढून उकरलेली, गवतही न उगवणारी जागा आहे का? आणि कालवा जवळून जात असेल तर तिसरा प्रश्न. गुजरातेत नर्मदेच्या शाखा कालव्यावर २०१२ साली एक मेगावॅटचे पॅनेल बसवले. जमीन लागली नाही, आणि सावलीमुळं बाष्पीभवनही कमी झालं. खर्च जास्त येतो, हे खरं. पण उजनीचे दोन्ही कालवे मिळून दोनशे किलोमीटरच्या वर भरतात आणि ती जागा आधीच सरकारची आहे. हा पर्याय चर्चेला आला, असं इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) लिहीत नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

नमस्कार.