तेलाचा ताप कुठे मोजावा आणि कसा वाचावा

(आर्वी तालुक्यातील एका वाचनालयात मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखी रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनातील तेलाचे तापमान’ असा छापला आहे. एवढे मोठे नाव वाचूनही आपण भर नवतपात, घरचा कूलर सोडून इथे आलात. याचा अर्थ एकतर आपल्याला इंजिनांविषयी खरोखर आस्था आहे, किंवा आपल्या आळीत वीज गेली आहे. मला दोन्ही कारणे चालतील.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. तेलाचा काटा किती अंशांवर आहे, एवढे विचारून भागत नाही. तो आकडा इंजिनातील कोणत्या जागेचा आहे आणि बाहेरच्या हवेपेक्षा तो किती वर आहे, या दोन गोष्टी ठाऊक नसतील तर त्या काट्याचा उपयोग गाडीची शोभा वाढवण्यापलीकडे फारसा होत नाही. हे पटवून देण्यासाठी मला चाळीस मिनिटे मिळाली आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक म्हणून आयुष्य गेल्यामुळे मला पन्नास मिनिटांच्या तासाची सवय आहे, हे अध्यक्षांनी कृपया ध्यानात ठेवावे.

समोर माझे काही जुने विद्यार्थी दिसत आहेत, ऑटोचालक आहेत, शेतावर हवेने थंड होणारे डिझेल इंजिन चालवणारेही आहेत. त्यामुळे रेडिएटर नसलेले इंजिन म्हणजे काय, हे मी सांगत बसत नाही. मी बोलणार आहे ते मुख्यतः फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलविषयी, कारण ती माझ्याकडे आहे आणि तिचे इंजिन या विषयासाठी फार चांगला नमुना आहे. या गाडीचे उत्पादन २००३ साली मेक्सिकोतील पुएब्ला येथे थांबले, तोपर्यंत अशा दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. इतक्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्याने चालकापुढे तेलाच्या तापमानाचा काटा मात्र ठेवला नाही. चालकाला मिळाला तो तेलाच्या दाबाचा एक छोटा दिवा. तो दिवा दाब जवळजवळ अर्ध्या बारच्या (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा दाब) खाली घसरल्यावर लागतो. गरम तेलावर, इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्या घेत असताना, दाब निदान २ बारच्या आसपास असावा अशी अपेक्षा असते. म्हणजे दोन बारपासून अर्ध्या बारपर्यंतची सगळी घसरण चालकाच्या नकळत होते आणि दिवा लागतो तेव्हा नुकसानीला आरंभ झालेला असतो. त्याच वंशातील, मागेच इंजिन असलेल्या पोर्शच्या ९११ गाडीला मात्र तेलाच्या तापमानाचा काटा होता. महाग गाडीच्या मालकालाच तापाची बातमी कळावी, अशी काहीशी ही व्यवस्था झाली.

या इंजिनात तेल असते केवळ अडीच लिटर, आणि त्याला फिल्टर म्हणजे तळाशी एक जाळी. एवढ्या तेलाने बेअरिंगांना वंगण द्यायचे आणि शिवाय उष्णताही वाहून न्यायची. चेंबरमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या जागेतून, पंप तेल उचलतो, ते तेल थंड करणाऱ्या कूलरमधून जाते, तिथून बेअरिंगांकडे आणि टॅपेटांकडे, पुढे हेडपर्यंत, आणि हेडमधून पुशरॉडच्या नळ्यांतून पुन्हा चेंबरमध्ये उतरते. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे आणि तिच्या आत फिरणारा क्रँकशाफ्ट पोलादाचा. मॅग्नेशियम उष्णतेने पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन तापले की एकीकडे तेल पातळ होते आणि त्याच वेळी बेअरिंगभोवतीची फट रुंद होते. पातळ तेल आणि रुंद फट यांची गाठ पडली की दाब कसा पडतो, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवीत असे. त्या फळ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहणारे दोघेजण आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि दोघांचीही गॅरेजे उत्तम चालतात, हे मला नमूद केले पाहिजे.

आता गॅरेजांचा विषय निघालाच आहे, तर एक गाऱ्हाणे मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझी बीटल मी नागपूरच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली. त्यांची तक्रार अशी होती की उन्हाळ्यात सिग्नलला गाडी थांबली की तेलाचा दिवा लुकलुकतो. त्यासाठी त्यांनी ती एका गॅरेजमध्ये दाखवली होती. गॅरेजचे नाव मी घेणार नाही, कारण अशी गॅरेजे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तिथे पहिल्या खेपेस अधिक जाड तेल भरले गेले. दिवा काही दिवस शांत राहिला आणि पुन्हा लागू लागला. मग तेलाचा पंप बदलला गेला. तरीही दिवा लागे. शेवटी त्या विद्वान मिस्त्रींनी दाबाचा स्विचच बदलून असा बसवला की दाब आणखी खाली गेल्याशिवाय दिवा लागणारच नाही. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलण्याचा हा उपचार होता. डॉक्टरांनी त्याचे पैसेही दिले.

गाडी माझ्याकडे आल्यावर मी इंजिन पाहिले, तेव्हा रोगाचे मूळ दिसले. सिलिंडरांच्या खालचे पत्रे नव्हते. इंजिन आणि गाडीची बॉडी यांच्यामधील फट बुजवणारी रबराची पट्टी नव्हती. इंजिन तापेपर्यंत पंख्याची हवा अडवून धरणारा थर्मोस्टॅट नव्हता. मी त्या गॅरेजमध्ये जाऊन विचारले, तर मिस्त्री म्हणाले, “सर, एवढे पत्रे कायले पायजे? इंजनले हवा लागू द्या ना जी!” आणि त्यांनी ते पत्रे मला दाखवलेही. एक वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायला भिंतीशी उभा होता आणि दुसऱ्यावर तर्रीचे गरम पातेले ठेवले होते. उष्णता सांभाळण्याचेच काम ते तिथेही करीत होते, एवढे मी मान्य करतो.

‘इंजिनाला हवा लागू द्या’ हे वाक्य ऐकायला इतके शहाणपणाचे वाटते की त्याने किती इंजिने मारली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. मोटारसायकलचे इंजिन उघडे असते आणि समोरून वारा घेते, म्हणून तिथे हे वाक्य खरे आहे. बीटलचे इंजिन मागे, बंद जागेत असते आणि त्याला वारा मिळतो तो पंख्याचा. हा पंखा वरून थंड हवा ओढतो, पत्र्यांच्या आवरणातून ती सिलिंडरांच्या आणि हेडच्या फिनांमधून, म्हणजे धातूच्या पातळ पाकळ्यांमधून, दाबून नेतो, आणि तापलेली हवा गाडीच्या खाली सोडतो. वरची बाजू थंड आणि खालची गरम, अशी ती विभागणी आहे, आणि ते पत्रे व ती रबराची पट्टी म्हणजे या दोन बाजूंमधील भिंत. ती भिंत काढली की खाली सोडलेली गरम हवा फटीतून वर येते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. आपण सगळे कूलरवाले लोक आहोत, म्हणून एवढेच सांगतो की खिडकीतला कूलर उचलून खोलीच्या मध्यभागी ठेवावा आणि दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, म्हणजे या मिस्त्रींनी काय केले ते अर्ध्या तासात कळेल.

त्यात माझी गाडी जुन्या रचनेची, म्हणजे जिचा तेलाचा कूलर पंख्याच्या आवरणातच उभा असतो. त्यातून गेलेली हवा आधीच तापते आणि मग तीन नंबरच्या सिलिंडरवर पडते. हे कारखान्याला ठाऊक होते. सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या त्या काळच्या अनेक डिस्ट्रिब्यूटरांत तीन नंबरची ठिणगी मुद्दाम किंचित उशिरा पडे, ती याच कारणाने. पुढे १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याच्या हवेला वेगळी वाट दिली गेली. मूळ रचनेतच जिथे हवेची एवढी काटकसर आहे, तिथे पत्रे काढणाऱ्याला काय म्हणावे?

जाड तेलाविषयीही एक शब्द. तेल थंड आणि घट्ट असले की दाब वाढतो, दाब सोडणारी झडप उघडते आणि तेल कूलरमधून न जाता परस्पर पुढे जाते. जितके तेल जाड, तितका वेळ ते कूलरला टाळते. म्हणजे गाडी गरम होते म्हणून भरलेले तेल कूलरकडे उशिरा जाते.

पत्रे मी परत आणले, त्यांवरील तर्रीचे डाग घासून काढले, रबराची नवी पट्टी मिळवली. काटा मी त्याआधीच बसवलेला होता. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, जवळपास तशाच उन्हात तो पंधरा-सोळा अंशांनी खाली राहिला. थर्मोस्टॅटसाठी मात्र मला मित्रांनी वेड्यात काढले. विदर्भात थर्मोस्टॅट कशाला, असे ते विचारतात. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्याही खाली जातो, आणि तेल पुरेसे तापले नाही तर त्यात जमणारे पाणी उडून जात नाही, ते तेलातच राहून गाळ आणि आम्ल तयार करते. तेल फार थंड राहणे हाही एक रोगच आहे. केवळ तो कोणाला महामार्गावर उभा करीत नाही, म्हणून त्याची तक्रार होत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तीत ‘सात मिनिटे’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तेव्हा मूळ विषयाकडे येतो.

मोजण्याची जागा आधी घेऊ. सेन्सर चेंबरच्या तळाच्या नटात बसवला तर तो भिजतो खरा, पण खालून वारा लागल्याने आकडा थोडा कमी दिसू शकतो. डिपस्टिकच्या जागी बसवलेला सेन्सर तेलात कितपत बुडतो हे पाहावे लागते, कारण पातळी खाली गेली की तो तेलाऐवजी वाफा मोजू लागतो. कूलरमधून निघालेल्या तेलाचा आकडा चेंबरमधल्या तेलापेक्षा कमीच येणार. यांपैकी कोणतीही जागा चालेल, पण ती एकदा ठरवून बदलू नये, आणि दुसऱ्याच्या गाडीशी आकडा ताडताना त्याचा सेन्सर कुठे आहे हे आधी विचारावे. सेन्सर आणि मीटर एकमेकांच्या मापाचे असावेत. तापमान वाढले की या सेन्सरचा विद्युतरोध घटतो आणि त्याचे अर्थिंग बहुधा त्याच्या आट्यांमधूनच होते. आट्यांना गळती थांबवणारी पांढरी टेप गुंडाळली की अर्थिंग कच्चे होते आणि काटा खोटा कमी दाखवतो. बसवण्याआधी सेन्सर तारा जोडून उकळत्या पाण्यात धरावा. आपल्या भागाची उंची अडीचशे-तीनशे मीटर असल्याने पाणी इथे साधारण ९९ अंशांना उकळते. काटा त्याच्या आसपास आला तर पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

आता वाचन. चेंबरमधील तेल ८० ते ११० अंशांत असेल तर चिंता नाही. १२० ला वेग कमी करावा, १३० ला सावली पाहून थांबावे. या मर्यादा तेलाच्या आहेत, त्या ऋतूप्रमाणे बदलत नाहीत. इंजिनाची तब्येत मात्र फरकावरून कळते. मे महिन्यात हवा ४५ अंश असताना तळेगाव ते तिवसा या रस्त्यावर काटा ११५ दाखवीत असेल, तर फरक ७० अंशांचा झाला. डिसेंबरच्या दुपारी हवा २८ अंश असताना त्याच वेगाने काटा ९८ वर असेल, तर फरक तोच आहे आणि इंजिनही तसेच आहे. पण त्याच डिसेंबरात काटा ११० वर गेला, तर आकडा मे महिन्यापेक्षा कमी असूनही फरक ८२ झाला. अशा वेळी पत्रे, ठिणगीचा वेळ, कूलरच्या जाळीत अडकलेला कचरा आणि कार्बोरेटरचे मिश्रण तपासावे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण विरळ होते, त्याकडेही लक्ष असू द्यावे. म्हणून काट्याशेजारी बाहेरच्या हवेचा साधा थर्मामीटर लावावा आणि वजाबाकी करावी.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गाडी तिसऱ्यात ओढत नेली तर काटा चढतो. दुसऱ्यात घेतली की आवाज वाढतो, पण पंखा वेगाने फिरतो आणि काटा उतरू लागतो. याचे सविस्तर गणित मी आणले होते, ते राहू द्या.

एक गोष्ट मात्र राहता कामा नये. पंखा डायनॅमोच्या दांड्यावरच असतो आणि दोघांना एकच बेल्ट फिरवतो. बेल्ट तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो. त्या क्षणी तेलाच्या काट्याकडे पाहू नये, कारण अडीच लिटर तेल तापायला वेळ लागतो आणि हेड त्याच्या कितीतरी आधी तापलेले असते. गाडी तिथेच थांबवून बेल्ट बदलावा. पुलीच्या नटाला २१ चा पाना लागतो आणि पुली अडवून धरायला एक जाड पेचकस. हे दोन्ही आणि जादा बेल्ट पुढच्या डिकीत, स्टेपनीजवळ ठेवावेत. मागच्या सीटखाली ठेवू नयेत, कारण तिथे बॅटरी असते.