पलीकडे पोचेपर्यंत सांग

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

आपल्यात जे गोव्याचे आहेत, त्यांतल्या दोघा-तिघांनी भाईंना पाहिलं असेल. बाकीच्यांनी त्यांचं नावही ऐकलं नसणार. जूनमध्ये, पाऊस लागला त्याच आठवड्यात भाई गेले. मला जाता आलं नाही. म्हणून कार्यकारिणीकडे ही थोडी वेळ मागून घेतली.

भाई फेरीबोटीवर कामाला होते. मांडवी नदीवर, रायबंदर ते चोडण बेट, चोडण ते रायबंदर. शनिवारी दुपारी मात्र ते पणजीतल्या आमच्या बुद्धिबळ क्लबात असायचे. क्लब म्हणजे एका मराठी शाळेचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवायची, चार टेबलं ओढायची, झाला क्लब. कुलूप भाई काढणार, केर भाई काढणार, पट भाई मांडणार. प्रत्येक पटाभोवती फिरून बघणार, की खेळणाऱ्याच्या उजव्या हाताशी पांढरं घर आहे ना. आम्ही मुलं पोचायचो तेव्हा सोंगट्या आपापल्या घरात उभ्या असायच्या. त्या कुणीतरी उभ्या केलेल्या असतात, हे आमच्या कधी मनातही आलं नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात लाकडाला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीत पांढरी बुरशी धरते. श्रावणात जरा ऊन पडलं की भाई सगळ्या सोंगट्या शाळेच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून मांडायचे आणि एकेक हातात घेऊन पुसायचे. एका संचातला काळा उंट हरवला होता. त्याच्या जागी बाटलीचं बूच होतं, वरून चीर दिलेलं. त्या बुचानं मी कितीतरी डाव जिंकले आहेत.

स्वतः भाई साधारण खेळायचे. लहानपणी आजीकडून ते देशी पद्धतीनं शिकले होते. तिथे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, आणि किल्लेकोटाऐवजी, म्हणजे राजा-हत्तीच्या एकत्र चालीऐवजी, राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळताना त्यांची पहिली दोन-चार प्यादी नेहमी बिचकत पुढे यायची. पण खेळाविषयी त्यांना किती माहीत होतं! पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली, आणि १५१२ साली दामियानो नावाच्या एका पोर्तुगीज औषधवाल्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक रोममध्ये छापलं, हे मला भाईंनी सांगितलं. राजापुढचं प्यादं वाचवायला उंटापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, या बचावाला त्याच दामियानोचं नाव आहे. आणि त्यानं तर तो वाईट म्हणून सांगितला होता! भाईंना याचं खरंच वाईट वाटायचं. ‘‘बिचाऱ्यानं नको म्हटलं, आणि लोकांनी त्याच्याच गळ्यात घातला,’’ असं दर वेळी म्हणायचे.

आता माझी गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. क्लबात मुली आम्ही दोघीच. एका स्पर्धेत माझा शेवटचा घोडा मारला गेला. समोरच्याकडे उरला एक उंट आणि हत्तीच्या, म्हणजे पटाच्या अगदी कडेच्या, पट्टीतलं एक प्यादं. माझ्याकडे नुसता राजा. मी डाव सोडला, स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, सही केली आणि रडत घरी गेले. पुढचे पाच-सहा शनिवार क्लबात पाऊल टाकलं नाही.

आम्ही चोडणचे. एका संध्याकाळी बाबांबरोबर रायबंदरहून फेरीत चढले, तर भाई ड्युटीवर. त्यांनी खिशातून लोहचुंबकाचा छोटा पट काढला. त्यावर चारच सोंगट्या होत्या. मी ओळखलं, माझाच डाव. ‘‘बाय, पळय,’’ म्हणजे ‘पोरी, बघ,’ ते म्हणाले, ‘‘काळ्याची चाल. पलीकडे पोचेपर्यंत सांग.’’ आणि दोर सोडायला निघून गेले.

मांडवी ओलांडायला फेरीला वेळ तो किती लागणार! मी पट धरून कठड्याला टेकले. इंजिनाच्या थरथरीनं पट हातात हलत होता. प्यादं ज्या कोपऱ्यातल्या घरात पोचून वजीर व्हायचं ते घर काळं, आणि उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा. म्हणजे माझा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर उंट त्याला तिथून हुसकावू शकत नाही. मात नाही, डाव बरोबरीत. फेरीचा पुढचा फाळका धक्क्यावर खाड्‌दिशी पडला तेव्हा मी ओरडले, ‘‘राजा कोपऱ्यात!’’ भाई मोटारसायकलींना वाट देत होते. मान न वळवता म्हणाले, ‘‘शनिवारी ये.’’

मी गेले. ते बोलणं तेवढंच.

पुढे मी परदेशात आले. गोव्याचे अनुराग म्हामल २०१७ साली ग्रँडमास्टर झाले, लिऑन मेंडोन्सा तर चौदाव्या वर्षीच तिथवर पोचला. २०२२ च्या चेन्नईतल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघानं कांस्य मिळवलं, त्यात आपली भक्ती कुलकर्णी होती. दर वेळी भाईंचा फोन. २०२५ च्या नोव्हेंबरात विश्वचषकच गोव्यात आला, २०६ खेळाडू हडफड्याला उतरले. भाईंचे गुडघे तोवर पार गेले होते. तरी पुतण्याच्या गाडीतून ते एक दिवस जाऊन आले. रात्री फोनवर मी विचारलं, कुणाला पाहिलंत? म्हणाले, ‘‘किती पट, बाय! आणि सगळे सरळ मांडलेले.’’ दुसरं काही सांगितलंच नाही.

जुलैत त्यांच्या पुतण्यानं मला एक पाकीट पाठवलं. भाईंकडे बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, त्यांत आम्हा मुलांच्या स्कोअरशीट, डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या. जिंकलेल्या आणि हरलेल्या, सगळ्या. पाकिटात माझी ती होती. शाई पसरलेली, कडा पिवळ्या, खाली माझी वेडीवाकडी सही. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘डाव सोडला.’ त्याच्या शेजारी पेन्सिलीनं भाईंचं अक्षर: ‘राजा जी ७. पोरीला सांगायचं.’ जी ७ म्हणजे त्या कोपऱ्याला लागूनचं घर. खाली तारीख स्पर्धेच्याच रात्रीची. म्हणजे तो छोटा पट खिशात घालून हा माणूस दीड महिना त्याच फेरीवर माझी वाट बघत होता.

मंडळाच्या माळ्यावर बुद्धिबळाचे सहा संच धूळ खात पडले आहेत. मी गेल्या आठवड्यात ते खाली काढले, पुसले. दोन प्यादी कमी आहेत, बुचं मी आणते. येत्या शनिवारी दुपारी २ वाजता वरच्या खोलीत पट मांडलेले असतील. मुलांना पाठवा. खिडकीजवळच्या टेबलावर एका पटावर चारच सोंगट्या असतील, त्यांना कुणी हात लावू नका. मुलांपैकी कुणी विचारलं, तर एवढंच सांगा, काळ्याची चाल आहे.