चढावर सायकल दीड सेकंदात थांबते

मंडळी, विषय तुम्हाला माहीत आहे: उभ्या चढांसाठी घरातल्या ट्रेनरवरचा, म्हणजे सायकल बसवून जागीच पेडल मारायच्या यंत्रावरचा, आणि बाहेरच्या रस्त्यावरचा सराव एकत्र कसा बसवायचा. पाच-सहा टक्क्यांचा लांबलचक चढ मी आज धरत नाही. तिथे लय लागते, आणि लय लागली की निम्मं काम झालं. मी बोलणार आहे बारा, पंधरा, अठरा टक्क्यांबद्दल, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना बारा ते अठरा मीटर वर. रस्ता अंगावर येतो ना, त्याबद्दल.

आधी हात वर करा. घरी स्मार्ट ट्रेनर कुणाकुणाकडे आहे? बरेच आहेत. हात तसेच ठेवा. आता चढाचा सराव म्हणून ट्रेनरवर पुढचं छोटं चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं लहान दातेरी चाक, आणि मागचा मोठा गिअर मुद्दाम लावून बसणारेच फक्त हात वर ठेवा. बघा, सगळी सभा एकदम खाली आली! मागच्या रांगेत दोघं उरलेत, त्यांनी चहाला गेलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी मी बोलतो.

ट्रेनरवर एक आरोप नेहमी होतो, आणि तो ऐकला की मला राग येतो. ‘ट्रेनर खोटा असतो.’ माझ्या ओळखीतला एक जण, चांगला तयारीचा. कित्येक महिने घरात नेमाने बसला. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारे वॉट, चढत गेला, आलेख बघून आम्हीही खूश. मग एका अठरा टक्क्यांच्या भिंतीपाशी गेलो. मी त्याच्या मागेच होतो, म्हणून नीट दिसलं. पहिल्या शंभर मीटरमध्ये केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, पन्नासच्या खाली. पेडल वर आलं की क्षणभर अडकायचं, मग तो खांद्यांनी हँडल ओढून ते पुढे ढकलायचा. त्या ओढण्यानं पुढचं चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दम अजून शाबूत होता, हे त्याच्या श्वासावरून कळत होतं. पण पाय वरच्या टोकाला पोचून पुढे जाईना. शेवटी बुटाचं क्लीट पेडलमधून सोडून उतरला आणि पहिलं वाक्य बोलला: ‘ट्रेनरचे वॉट खोटे आहेत.’

वॉट खोटे नव्हते. थोडं गणित करू, कागद लागणार नाही. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी ३२ किलोमीटरला तुमच्याजवळ तीन हजार ज्यूलहून जास्त गतिज ऊर्जा साठलेली असते. पाय थांबवा, सायकल कितीतरी लांब घरंगळत जाते. आता १५ टक्क्यांचा चढ, ताशी ८ किलोमीटर. वेग चौथा हिस्सा, म्हणजे ऊर्जा सोळावा हिस्सा: जेमतेम दोनशे ज्यूल. पेडल मारायचं थांबा, सायकल दीड सेकंदात उभी. दीड मीटरभर जाईल, बास. आणि ५० च्या केडन्सला पेडलचा एक फेराच १.२ सेकंदांचा. म्हणजे पाय वरच्या टोकावरून जाताना जोर जिथे कमी पडतो, त्या क्षणीसुद्धा चढ तुमचा वेग खात असतो. सपाटीवर साठलेली गती ती जागा भरून काढते. चढावर भरून काढायला कुणी नाही, ती पायांनीच भरायची.

आता घरात या. मोठं चेनरिंग, ५० दाते, मागे १४. ट्रेनरचं फ्लायव्हील, म्हणजे त्यातलं जड चाक, सुसाट फिरतंय, गुं गुं आवाज येतोय, वरच्या टोकाच्या प्रत्येक मेलेल्या जागेतून तेच तुमचा पाय पुढे नेतंय. आता पुढे ३४ आणि मागे २८ लावा. त्याच केडन्सला फ्लायव्हीलचा वेग जवळजवळ तिसरा हिस्सा होतो, आणि त्यात साठणारी ऊर्जा आठव्या हिश्शाहूनही कमी. आवाज बसतो. वरच्या टोकाला खटका जाणवायला लागतो. तो खटका म्हणजेच चढ! अर्ग मोडमध्ये, म्हणजे ट्रेनर ठरवलेले वॉट आपणच धरून ठेवतो तेव्हा, तर गिअर कुठलाही असो, वॉट तेच राहतात. स्क्रीनवर २५० दोन्हीकडे. पायांना मात्र एकीकडे सपाटी आणि दुसरीकडे घाट. माझा मित्र महिनोनमहिने घाटाचे वॉट सपाटीच्या पायांनी काढत होता. ट्रेनरनं त्याला फसवलं नाही. चढ कसा लागतो हे ट्रेनरला सांगावं लागतं, आणि ते गिअरनं सांगतात.

(एक पथ्य: काही ट्रेनर फ्लायव्हील फार हळू फिरलं की मोठे वॉट धरू शकत नाहीत. तसं झालं तर मागचा एखादा गिअर लहान करा, पण मोठ्या चेनरिंगवर पळू नका.)

याच ओघात अँग्लिरू सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. स्पेनमधला, अस्तुरियासमधला चढ. साडेबारा किलोमीटर, सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास, आणि वरच्या भागात क्वेन्या लेस काब्रेस नावाचा तुकडा, तिथे साडेतेवीस टक्के. २००२ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या मोठ्या टप्प्यांच्या शर्यतीत, तिथे पाऊस होता. संघांच्या गाड्या चढावर अडकून पडल्या. इंजिनाच्या गाड्या, मंडळी! ब्रिटिश सायकलपटू डेव्हिड मिलर त्या दिवशी पडला होता. वर पोचला, आणि अंतिम रेषेच्या अगदी अलीकडे थांबून निषेध म्हणून आपला नंबर काढून दिला. टप्पा रॉबर्टो हेरासनं जिंकला. ओल्या रस्त्यावर, वीस टक्क्यांवर, सीटवरून उठलात की मागच्या चाकावरचा भार पुढे जातो आणि चाक घसरतं. बसून राहिलात आणि मागे सरकलात तर पुढचं चाक उचललं जातं. या दोहोंमधली बोटभर जागा कुठल्याही ट्रेनरवर सापडत नाही. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून कंबरेचा कोन साधतो, तो जरूर साधा. पण ट्रेनर बोल्ट लावल्यासारखा जमिनीला धरून असतो, तो पडत नाही.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाचा सायकलपटू मॅथ्यू हेमन. २०१६ च्या फेब्रुवारीत हाताचं हाड मोडलं, बाहेर जाणं बंद, कित्येक आठवडे घरात ट्रेनरवर. आणि एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांची शर्यत जिंकला. हे लोक मला नेहमी ऐकवतात: बघा, घरातच सगळं होतं. अहो, ती शर्यत तो वर्षानुवर्षं खेळलेला होता! दगडी रस्त्यावरचं सगळं कसब अंगात मुरलेलं होतं, ट्रेनरनं फक्त इंजिन गरम ठेवलं. शिवाय रूबेच्या वाटेवर चढच नाहीत...

संयोजक खुणा करताहेत. दहा मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

आठवड्यात दोनदा घर, एकदा बाहेर, एवढं बहुतेकांना झेपतं. घरातला एक दिवस दमाचा: वीस मिनिटांचे दोन तुकडे, एफटीपीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, हव्या त्या केडन्सला. दुसरा दिवस पायांचा: छोटं चेनरिंग, ५० ते ६० केडन्स, आठ मिनिटांचे चार तुकडे, ८५ टक्क्यांच्या आसपास. यात दम लागता कामा नये, मांड्या भरून याव्यात. ९० ऐवजी ५२ केडन्सला तेच वॉट काढताना पेडलवरचा जोर जवळजवळ पावणेदोनपट होतो, म्हणून गुडघा कुरकुरला की त्या दिवसापुरतं थांबायचं, रेटायचं नाही. पंखा दोन्ही दिवशी हवाच. २५० वॉट काढताना शरीर त्याच्या तिप्पट तरी उष्णता बाहेर टाकतं.

अ‍ॅपमध्ये ट्रेनरवर चढाची तीव्रता किती जाणवावी याचं सेटिंग असतं. ते निम्म्यावर असेल तर सोळा टक्क्यांचा चढ पायांना आठचा लागतो. पूर्ण करा.

बाहेरच्या दिवशी वॉट बघू नका. तो दिवस घरात न मिळणाऱ्या गोष्टींचा. भिंत सुरू होण्याआधी गिअर टाकणं, कारण चढावर जोर देत टाकला तर चेन कुरकुरते आणि नेमका तोच एक ठोका हातचा जातो. वळणाच्या आतून न जाता बाहेरून जाणं, तिथे चढ सौम्य असतो. बसून, उभं राहून, पुन्हा बसून, आणि बसताना सायकल मागे न ढकलणं. चढावर मुद्दाम थांबून, रस्ता मोकळा बघून, तिरकं निघून पुन्हा सुरुवात करणं. हे एकदा जमलं की उतरायची भीती जाते, आणि भीती गेली की हँडलवरची पकड सैल होते.

मोठ्या चढाच्या आधीच्या दोन आठवड्यांत ही वाटणी उलटी करा: घर एकदा, बाहेर दोनदा, आणि एकूण वेळ कमी. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, बदलायची असेल तर ती याच्या आधी. ३४ ला २८ असेल तर ताशी ८ किलोमीटरला केडन्स ५२ पडतो, ३४ ला ३४ असेल तर ६३. अकरा फेऱ्यांचा हा फरक चाळीस मिनिटांच्या चढाला फार मोठा आहे. नवी कॅसेट लावून निदान दोनदा चढावर जाऊन या, म्हणजे चेन सरकवणारा डिरेलर शेवटच्या गिअरवर नीट जातोय की नाही ते कळेल.

वेळ संपली. प्रश्न बाहेर घेऊ. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी या, त्यांच्या सीटची उंची बघायची आहे.