जुन्या ८०-२००ची बाजू

(जागतिक छायाचित्रण दिनी सोलापुरात हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज १९ ऑगस्ट. १८३९ साली याच दिवशी पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत सगळ्यांसाठी खुली झाली, म्हणून आपण दरवर्षी जमतो. पत्रिकेत माझा विषय ‘मिररलेसवर जुनी वेगवान झूम कशी वापरावी’ असा छापलाय. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा. ते सांगणारच आहे. आधी जरा हात वर करा. डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांच्या काळातली टू पॉइंट एट, म्हणजे जास्त प्रकाश घेणारी वेगवान झूम कोणाकोणाच्या कपाटात पडून आहे? बघा, निम्मा हॉल! आता ज्यांनी येईल त्या किमतीला विकली त्यांनी हात वर करा. मागच्या रांगेत एकदम शांतता झाली. असू द्या, त्यांनी आज घरी जाताना शेजारच्याची लेन्स मागून न्यावी.

ही माझी ८०-२०० मिलिमीटरची झूम. पूर्ण झूमभर एफ २.८. सव्वा किलोच्या वर वजन, आत फोकसची मोटर आहे, कंप थांबवणारा स्टॅबिलायझर नाही. झूमचं रबर दोनदा बदललंय. तीन लग्नांच्या ऑर्डरींचे पैसे साठवून ही जुनीच घेतली होती. एवढा खटाटोप कशासाठी? साधी झूम २०० मिलिमीटरला ५.६ वर येते. २.८ म्हणजे तिच्या चौपट प्रकाश. जिथे साध्या लेन्सला १/६० सेकंदाचं शटर मिळतं, तिथे त्याच आयएसओला, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच संवेदनशीलतेला, हिला १/२५० मिळतं. अक्षता टाकणारा हात १/६० ला पुसट होतो, १/२५० ला बोटं मोजता येतात. मंगल कार्यालयातले दिवे ज्यांनी भोगलेत त्यांना यापुढे काही सांगायला नको.

आता गड्ड्याची गोष्ट. गड्डा, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची यात्रा, तुम्हा सगळ्यांच्या घरची आहे, त्यामुळे मिरवणुकीत पेलतात ती उंच काठी, नंदीध्वज, याबद्दल जास्त सांगत बसत नाही. आमच्या गल्लीतले एक काका पंचवीसेक वर्षं नंदीध्वज पेलत आले. त्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला होता. दिवाळीतच मला म्हणाले, “यंदाचं शेवटचं रे पोरा. एक चांगला फोटो काढून ठेव, भिंतीवर लावीन.” अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ मी तीन तास जागा धरून उभा होतो. अक्षता सोहळा झाला, ‘हर्र बोला हर्र’चा गजर उठला, काका समोरून आले. अंगातली पांढरी बाराबंदी घामानं भिजलेली, डोळे वर काठीकडे लागलेले. मी बावीस फोटो काढले. मागच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसले.

घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि पोटात खड्डा पडला. बावीसच्या बावीस फोटोंत काकांच्या पुढे धरलेल्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, आणि चेहरा मऊ, म्हणजे धूसर. हललेला नव्हता, हे लक्षात घ्या. हलला असता तर हारही हलला असता. फोकसच चेहऱ्याच्या अलीकडे पडला होता. त्यातल्या त्यात बरा निवडून, मोठा करून मी काकांना दिला. त्यांनी कधी तक्रार केली नाही. तो फोटो आजही त्यांच्या बैठकीत आहे आणि मी त्या घरी गेलो की त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

मग लेन्स दुरुस्तीला दिली. कोणाकडे ते सांगत नाही. दोन महिने ठेवून घेतली, साफसफाईचे पैसे घेतले आणि परत दिली, फोकस तिथेच. दुसऱ्याकडे नेली. तो म्हणाला, “जुनी काच आहे, संपली हिची. भंगारात जे मिळतील ते घ्या.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला! पुढची चार वर्षं ही लेन्स बायकोच्या साड्यांच्या कपाटात, सोलापुरी चादरीत गुंडाळून पडली होती. त्या चार वर्षांत मी साध्या झूमवर कामं केली आणि रात्रीचे फोटो आयएसओ वाढवून वाढवून काढले.

आता नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं इथे आहे. डीएसएलआरमध्ये फोटो पडतो सेन्सरवर, पण फोकस मोजला जातो दुसरीकडे. मोठ्या आरशातून थोडा प्रकाश आरपार जातो, मागच्या छोट्या आरशावर आपटून खाली वळतो आणि तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरवर पडतो. या वाटेची लांबी आणि फोटोच्या सेन्सरपर्यंतची लांबी तंतोतंत सारखी हवी. बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, एखादा ठोका बसला, छोटा आरसा केसभर सरकला, की कॅमेरा म्हणतो ‘झाला फोकस’ आणि प्रत्यक्षात तो पुढे नाहीतर मागे पडलेला असतो. माझी बॉडी एका वरातीत पडली होती. तेव्हा ती चालू झाली म्हणून मी देवाचे आभार मानले आणि विसरून गेलो.

मग साध्या झूमवर हे का दिसलं नाही? गणित करा. फुल फ्रेम, २०० मिलिमीटर, माणूस पाच मीटरवर. एफ २.८ ला स्पष्टतेचा पट्टा दहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. ५.६ ला तो दुप्पट होतो आणि चूक त्यात झाकून जाते. म्हणजे बॉडीची चूक वेगवान लेन्स उघडी पाडते, आणि बोल मात्र तिलाच लागतो. लाइव्ह व्ह्यू चालू करून त्याच झेंडूवर फोकस केला असता, तर दहा मिनिटांत कळलं असतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर जातो आणि फोकस थेट सेन्सरवरून होतो. दोन दुकानदारांपैकी एकानंही हे करून पाहिलं नाही, याचा मला आजही राग येतो. लेन्स घेऊन आलेल्या माणसाला बॉडीही आणायला सांगायला काय जातं?

मिररलेस घेतला तेव्हा केवळ कुतूहल म्हणून, जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारा अडॅप्टर लावून ही जोडली. त्यात आरसाच नसतो, फोकस थेट सेन्सरवरून होतो. घरासमोरच्या कडुलिंबावर फोकस केला. पान न् पान दिसलं. मी तिथेच पायरीवर बसलो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग पत्रिकेतला विषय भरभर घेतो.

अडॅप्टर म्हणजे मधली रिकामी जागा. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटचं, म्हणजे लेन्स बसते त्या जागेचं, सेन्सरपासूनचं अंतर ४४ मिलिमीटर, नव्या आरएफचं २०. निकॉनचं एफ ४६.५, झेड १६. उरलेलं अंतर अडॅप्टर भरून काढतो. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा घटत नाही. ईएफ माउंट १९८७ पासून पूर्ण इलेक्ट्रॉनिक, म्हणून त्या लेन्सचा ऑटोफोकस चालतो. निकॉनवाल्यांनी पाहून घ्यावं. एएफ-एस लेन्समध्ये मोटर असते, ती चालते. एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरवर फिरायची, आणि कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही. तिथे हातानं फोकस. तरी घाबरू नका, स्पष्ट कडा रंगवून दाखवणारं फोकस पीकिंग लावा, चित्र मोठं करून डोळ्यावर फोकस करा.

अतिस्वस्त अडॅप्टर घेऊ नका, त्यात लेन्स डुगडुगते. चांगला घ्या आणि तो लेन्सलाच कायम लावून ठेवा. तिवईवर लेन्सचं कडं बसवा, बॉडी नको. एवढं वजन माउंटला लटकवू नये.

बॉडीत स्टॅबिलायझर असेल तर या म्हाताऱ्या लेन्सलाही त्याचा फायदा मिळतो. तो तुमच्या हाताचा कंप थांबवतो, समोरचा पळणारा माणूस नाही. शटर त्याच्या हालचालीप्रमाणेच ठेवायचं.

गड्ड्यात भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या बाराबंद्या जळतात. आता व्ह्यूफाइंडरमध्येच उजेडाचा आलेख, हिस्टोग्राम, दिसतो, बटण दाबायच्या आधी उजेड उतरवा. जुन्या लेपनामुळे समोरच्या उन्हात चित्र धुरकटतं, लेन्सपुढे आडोसा करणारं हूड लावल्याशिवाय बाहेर पडू नका. पांढऱ्या कपड्याच्या कडेला जांभळी रेघ आली तर एफ ४ वर या, उरलेली कॉम्प्युटरवर काढा.

वेगाचं कबूल करतो. नान्नजच्या माळावर पळणाऱ्या काळविटामागे हिची मोटर मागे पडते. नवी लेन्स तिथे सरस आहे. पण मांडवात, रंगमंचावर, यात्रेतल्या होम मैदानावरच्या रात्री, डोळा ओळखणारी नवी बॉडी आणि ही लेन्स मिळून जे देतात त्यावर मी ऑर्डरी घेतोय.

काका आता यात्रेत पुढे नसतात, त्यांचा मुलगा नंदीध्वज पेलतो. यंदा जानेवारीत मी त्याचा फोटो हिनंच काढला आणि काकांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “हार कुठे गेला रे?” हार पुसट होता.

लेन्स या टेबलावर ठेवतोय. अडॅप्टर ज्यांच्याकडे आहे त्यांनी लावून बघा, पंखा तेवढा आधी बंद करा. मिररलेसमध्ये आरसा नसल्यानं धूळ थेट सेन्सरवर बसते.