सकाळी एका सेल्फमध्ये, दुपारी दहातही नाही

ही दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी जीप. 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. पुढे हिचीच भावंडं माझगावात महिंद्रांकडे जुळवली गेली, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या जीपवाल्यांनाही हे दुखणं तोंडपाठ आहे. सकाळी फटकन चालू होणारी गाडी दुपारी चहाला थांबली, की पुन्हा उठायचं नाव घेत नाही.

बोनेट उघडू. 2.2 लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन. पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड, म्हणजे नळ्यांचा जोड, आणि धूर बाहेर सोडणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टने जखडलेले. त्यांच्या डोक्यावर कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. युरोपच्या हिवाळ्यात ही रचना उपकारक. नागपूरच्या मे महिन्यात मात्र चुलीवर ठेवलेलं भांडं.

गाडी पळत असते तोवर पंखा फिरतो, पाणी खेळतं, टाकीतून गार पेट्रोल येत राहतं. इंजिन बंद केलं की हे सगळं एकदम थांबतं. पण ओतीव लोखंडातली धग वर चढतच असते, आणि बंद गाडीचा कार्ब्युरेटर चालू गाडीपेक्षा जास्त तापतो. पेट्रोलमधले हलके घटक तर चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात.

मग दोन गोष्टी होऊ शकतात. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या कुंडीतलं, पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये गळतं आणि इंजिन पेट्रोलने गुदमरतं. नाहीतर नळीत, पंपात वाफ धरते आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. वरून दोन्ही सारखंच दिसतं, इलाज मात्र उलटे. म्हणून आधी स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा प्लग, काढून बघायचा.

प्लग ओला, पेट्रोलचा भपका? चोकला हात लावू नका, तो हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली केलात, तर दर दाबाला आणखी एक पिचकारी आत जाते. बहुतेक जण नेमकं हेच करतात.

प्लग कोरडा? मग पंपावर आणि नळीवर ओलं फडकं, आणि थोडा धीर. नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा जुना तोडगा अजून चालतो. माझा काही त्यावर विश्वास नाही. त्यापेक्षा कार्ब्युरेटरखाली धग अडवणारा जाड इन्सुलेटर घाला, पेट्रोलची नळी धुराच्या मॅनिफोल्डपासून लांब वळवा.

प्लगवर ठिणगीच नसेल, तर कार्ब्युरेटरला उगाच छळू नका. ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या यंत्रणेतले कॉइल आणि कंडेन्सर तपासा, दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात. आणि सेल्फ नुसताच कण्हत असेल, तर केबल बघा. मूळ गाडी 6 व्होल्टची आहे, तिला 12 व्होल्टच्या गाडीची बारीक केबल पुरत नाही.