खळग्यातला जांभळा रंग

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. कडुलिंबाच्या अर्काने त्वचेचा कॅन्सर मरतो, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, असा मजकूर होता. ‘‘हे तुमच्याकडचंच ना गं?’’ हो काकू, असलंच काम मी करते. म्हणून आज दादरला तुमच्यापुढे ‘मरतो’ या एकाच शब्दाबद्दल बोलायला आलेय. कुठल्या पेशी मेल्या, किती अर्काने, आणि मेल्या हे कळलं कसं?

आधी वनस्पती. ‘ब्राह्मी’ मागितली की एक दुकानदार जलब्राह्मी देतो, दुसरा मंडूकपर्णी. दोन्ही वेगवेगळ्या कुळांतल्या. म्हणून फुलासकट फांदी दाबून, वाळवून सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी ओळख पटवून घ्यायची आणि तो नमुना जपून ठेवायचा. हे ज्याने टाळलं, त्याचे पुढचे आकडे माझ्या लेखी कवडीमोल.

मग पेशी. मेलानोमा हा त्वचेचा एक कॅन्सर. माणसाच्या मेलानोमाच्या, ए-३७५ नावाच्या पेशी आम्ही ३७ अंशांवर वाढवतो. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये ९६ खळगे, आम्ही त्यांना वेल म्हणतो. प्रत्येकात काही हजार पेशी. त्या तळाला चिकटल्या की कमी-जास्त प्रमाणात अर्क घालायचा, दोन दिवस थांबायचं आणि एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य सोडायचं. ही पद्धत टिम मॉसमनने १९८३ साली मांडली. जिवंत पेशी त्या पिवळ्याचे जांभळे स्फटिक करतात. जितकं गडद जांभळं, तितक्या जास्त पेशी जिवंत.

मी नवीन असताना हिरड्याचा अर्क घेतला होता. जास्त मात्रेचे वेल बघितले तर नुसता जांभळा गर्द रंग, अर्क न घातलेल्या वेलपेक्षाही गडद. हिरड्याने पेशी पोसल्या असंच मी वहीत लिहिलं. दुसरी प्लेट लावली तेव्हा एमटीटी घालण्याआधी सहज सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तळाला पसरून चिकटलेल्या असायला हव्यात त्या पेशी गोल होऊन तरंगत होत्या. मेलेल्या! हिरड्यातली तुरट द्रव्यं पेशींशिवायच एमटीटीला जांभळं करत होती. वहीतलं ते पान मी खोडलं. तेव्हापासून एमटीटीआधी वेल धुते, आणि पेशी न घातलेल्या काही वेलमध्ये नुसता अर्क ठेवून बघते.

आणि समजा, पेशी खरंच मेल्या. शेजारी निरोगी त्वचेच्या पेशींची प्लेट लावली होती का? हॅकॅट नावाच्या पेशी त्यासाठी वापरतात. बिब्बा उतला की कातडीचं काय होतं, हे गावाकडच्यांना सांगायला नको. तोही प्लेटमधल्या कॅन्सरच्या पेशी मारतो. निरोगी पेशी ज्या मात्रेला तगतात, त्याच मात्रेला कॅन्सरच्या मरतात का, हे कळेपर्यंत मला कुठल्याच अर्काचा आनंद होत नाही.

वनस्पतींवर माझा विश्वास नाही, असं कृपा करून समजू नका. तुमच्या गॅलरीतल्या सदाफुलीने व्हिन्क्रिस्टीन दिलं, रक्ताच्या कॅन्सरची कितीतरी मुलं त्यामुळे वाचली. पण ते पानं चावून नव्हे. एकच द्रव्य वेगळं काढून, शिरेतून, मोजून. आपल्या शेराच्या कुळातल्या एका रोपाच्या चिकातल्या द्रव्याचंही मलम झालं. उन्हाने खराब झालेल्या, पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा चट्ट्यांसाठी अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली. २०२० साली युरोपात ते मागे घेतलं गेलं, कारण ते लावलेल्या जागी त्वचेचे कॅन्सर वाढत असावेत अशी शंका आकड्यांतून आली. प्लेट, प्राणी, माणसं, सगळ्या पायऱ्या चढून गेलेलं औषध होतं ते.

परवा एका मुलाचा फोन आला. आजोबांच्या तळपायावर काळा डाग आहे, वाढतोय, सहा महिने कुणीतरी दिलेला लेप लावतायत. आपल्याकडे मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीच निघतो. लेपात काय आहे, हे तो सांगू लागला. मी म्हटलं, ‘‘ते राहू दे बाळा, आजोबांना उद्याच त्वचेच्या डॉक्टरकडे ने, बायोप्सी करायची का विचार.’’ काल त्याचा निरोप आला. तुकडा काढलाय, रिपोर्ट सोमवारी.