तुटल्या आसाची सांधणी

(दृश्य : पाचूबंदर, सकाळ. वाळूवर पसरलेलं डोल जाळं. हातात कात्री.)

वसई किल्ल्याजवळचं पाचूबंदर. जाळं फाटलंय, आणि शिवायला बसलेला हात सुईच्या आधी कात्री उचलतो. भोक आधी मोठं करायचं. कुजलेले, ताणून पातळ झालेले धागे काढून टाकायचे. जाळ्याच्या प्रत्येक गाठीला चार पाय, म्हणजे तिच्यातून निघणारे चार धागे, असतात. कापणी अशी करायची की सुरुवातीला आणि शेवटी तीन पाय शाबूत असलेली गाठ उरेल. सुई पहिल्या गाठीपासून निघते आणि दुसरीपाशी थांबते. मधल्या सगळ्या गाठींना दोनच पाय.

आता सुईकडे नीट बघा. धागा जुन्या आसातून, म्हणजे जाळ्याच्या एका घरातून, वर आला, मागून वळसा घेतला, स्वतःच्याच खालून निघाला. अंगठ्याने दाबून ओढला, की गाठ बसली. नायलॉन गुळगुळीत, म्हणून एक वेढा जास्त, नाहीतर गाठ सरकते. आसाचं माप पट्टीवर घ्यायचं, कारण एक आस जरी लहान पडला तरी पाण्याचा सगळा ताण त्याच्यावर येतो आणि जाळं तिथेच पुन्हा फाटतं. घाईतला माणूस काहीच कापत नाही, भोकाच्या कडा ओढून एकत्र बांधतो. लांबून काम झालेलं दिसतं. भरतीचा जोर आला की शेजारचे चांगले आस तुटू लागतात.

या कामाला बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये एक क्रियापद आहे : कतार्तिझो. मार्कच्या पहिल्या अध्यायात जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान मचव्यात बसून जाळी नीट करतायत, तिथे हेच क्रियापद आहे. करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, प्रेषित पौल पत्रात विनवतो, तुमच्यात फुटी नकोत, एका मनाने जोडले जा, तिथेही हेच. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक कशासाठी दिले? पवित्र जनांना सेवेसाठी सज्ज करायला. ‘सज्ज करणं’ हा शब्दही याच धातूचा. मराठी भाषांतरांत ठिकठिकाणी वेगळे शब्द येतात, म्हणून जाळ्याचं आणि मंडळीचं हे नातं आपल्या कानावर पडत नाही. कोळीवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला तर ते सगळ्यात आधी कळायला हवं.

(दृश्य : धक्का. बोटींची दाटी, टोपल्या, आरडाओरडा.)

करिंथही बंदराचंच गाव. पूर्वेला किंख्रिया, पश्चिमेला लेखायन, अशी दोन बंदरं. पौल तिथे दीड वर्ष राहिला. पुढे इ.स. ५५च्या सुमारास इफिसहून त्याने पत्र लिहिलं, तोवर मंडळीच्या चिंध्या झाल्या होत्या. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा म्हणजे पेत्राचा, असे पुढाऱ्यांच्या नावाने तट. प्रभुभोजनाला एक जण उपाशी, तर दुसरा पिऊन धुंद. ज्याला आत्म्याच्या प्रेरणेने अन्य, न शिकलेल्या भाषेत बोलता येई, तो स्वतःला इतरांच्या वरचा समजे. पौलही आधी कात्रीच चालवतो : तट, कोर्टकचेऱ्या, पंगतीतला भेद, एकेक उघडं करतो आणि मग बाराव्या अध्यायात कृपादानांवर येतो.

कृपादानाला मूळ शब्द खारिस्मा, म्हणजे कृपेने मिळालेलं, कमावलेलं नव्हे. बाराव्या अध्यायात आधी नऊ दानं येतात : ज्ञानाचं वचन, विद्येचं वचन, विश्वास, रोग बरे करणं, अद्भुत कृत्यं, संदेश देणं, आत्मे ओळखणं, अन्य भाषा, आणि त्या भाषांचा अर्थ सांगणं. रोमकरांस पत्रातली यादी वेगळी आहे. तिच्यात सेवा आहे, बोध आहे, दया आहे. दोन याद्या जुळत नाहीत, कारण पौल कोष्टक मांडायला बसलेला नाही.

कॅथलिक घरातली मुलं दृढीकरण या संस्काराच्या तयारीत पवित्र आत्म्याची सात वरदानं पाठ करतात, ती यशयाच्या अकराव्या अध्यायातून आलेली. ती ज्याला मिळतात त्यालाच आतून घडवतात. पौलाची कृपादानं शेजाऱ्याच्या उपयोगाची. हा फरक माहीत नसला की कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट तासभर एकाच विषयावर बोलतात आणि दोघांच्या मनात वेगळीच गोष्ट असते.

(दृश्य : बोट खाडीबाहेर पडते. सुकाणूवरचा हात.)

पौलाच्या त्या बाराव्या अध्यायाच्या शेवटाकडे दोन दानं आहेत, ज्यांच्यावर प्रवचन क्वचितच होतं. एक साहाय्य. दुसरं किबर्नेसिस. भाषांतरात ‘व्यवस्था पाहणं’ असं काहीसं येतं, पण शब्दाचा अर्थ सुकाणू धरणं. प्रेषितांच्या कृत्यांत रोमला निघालेल्या पौलाच्या जहाजावर जो किबर्नेतेस आहे, त्याला आपल्याकडे तांडेल म्हणतात.

तांडेल सुकाणूवर आहे. एक जण इंजिनापाशी, दोघे दोरावर, आणि हा पोरगा तळातलं पाणी उपसतोय. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. साहाय्य म्हणजे हेच. मंडळीत चटया घालणारे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारे, हिशेबाची वही सांभाळणारे यांना दानवंत कुणी म्हणत नाही. पौलाने मात्र त्यांना अन्य भाषांच्या आधी लिहिलंय.

(दृश्य : संध्याकाळची प्रार्थनासभा. उंचावलेले हात.)

अन्य भाषांना पौल बंदी घालत नाही, रीत घालून देतो. चौदावा अध्याय : दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, तेही एकापाठोपाठ एक. अर्थ सांगणारा हवाच. तो नसेल तर मनातल्या मनात देवाशी बोलावं. संदेशही दोघातिघांनीच द्यावा, आणि बाकीच्यांनी तो पारखावा. दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्याने थांबावं. सभेत बिघाड बहुतेक पारखण्याच्या पायरीवर होतो. संदेश देणाऱ्याला प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं समजलं जातं, आणि मग न पारखलेला शब्दच आज्ञा होऊन बसतो. जिथे ही रीत सुटली तिथे मंडळ्या फुटल्या, एकाच आळीत दोन प्रार्थनाघरं झाली.

सांधणीही झालीये. १९०५मध्ये घाटावर केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनेतून संजीवन, म्हणजे भक्तीची नवी लाट, उसळलं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये कृपादानं आभारपूर्वक स्वीकारावीत असं म्हटलं, आणि पारखण्याचं काम पुढाऱ्यांकडे ठेवलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च झालं. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा. त्या आठवड्यात फादर आणि पाळक एका वेदीपाशी उभे राहतात. प्रभुभोजन अजून एकत्र घेता येत नाही.

(दृश्य : पुन्हा किनारा. जाळं उचललं जातंय.)

सांधलेला भाग लगेच ओळखू येतो. जुना धागा उन्हाने फिकट पडलाय, नवा गडद हिरवा. चौघांनी चार टोकं धरली, जाळं झटकलं, वाळू खाली पडली. आता एक जण आडवा वाकून शेवटची गाठ बोटाने ओढून पाहतोय.